वाचकांचे प्रश्न : शेवटच्या रांगेला वाचता येईल असा तक्ता

प्रशिक्षण वर्ग आणि सभा-बैठका यांतील सादरीकरणाविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पाचही पत्रांचा विषय फ्लिप चार्ट, म्हणजे स्टँडला वरून अडकवलेला आणि एकेक पान मागे उलटता येईल असा मोठ्या कागदांचा गठ्ठा, हाच आहे. पहिल्या पत्रातील अडचण सर्वांनाच कधी ना कधी येते, म्हणून तिला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : ताई, मी बचत गटांतील नव्या सदस्यांसाठी प्रशिक्षण घेते. प्रत्येक सत्राआधी दोन रात्री जागून मी तक्ते तयार करते. पंचसूत्री, हिशेबाच्या वह्या, कर्जाचे नियम असे सारे त्यांवर लिहिलेले असते आणि माझ्या अक्षराचे सर्वजण कौतुकही करतात. तरीही मागच्या बायका तक्त्याकडे पाहत नाहीत, आणि सत्र संपताना पाच सूत्रे विचारली तर दोनच सांगतात. माझे काय चुकते? सोबत एका तक्त्याचे छायाचित्र पाठवीत आहे.
— एक प्रशिक्षिका, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : आपले अक्षर खरोखरच सुंदर आहे, आणि दोन रात्रींची मेहनत त्या तक्त्यावर दिसते. मात्र छायाचित्रातील तक्त्यावर मी एकवीस ओळी मोजल्या आणि बायका का पाहत नाहीत याचे निम्मे उत्तर तिथेच मिळाले. त्यांना ते दिसतच नाही. दिसत नाही असे बाईंना तोंडावर सांगणे बरे वाटत नाही, म्हणून त्या गप्प बसतात आणि आपल्याला ते दुर्लक्ष वाटते.

अक्षराच्या उंचीचा एक साधा ठोकताळा आहे. वाचणारा तक्त्यापासून जितके फूट दूर, त्याच्या दर दहा फुटांमागे एक इंच उंचीचे अक्षर असावे. आपल्या सभागृहात शेवटची रांग वीस फुटांवर असेल, तर अक्षर दोन इंचांचे हवे. आणि ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची, वेलांटी, मात्रा आणि उकार वगळून धरायची. इंग्रजीसाठी सांगितलेले ओळींचे हिशेब मराठीला लागू पडत नाहीत ते याच कारणाने. आपल्या लिपीत अक्षराच्या डोक्यावरही मजकूर असतो आणि पायाखालीही. दोन इंचांच्या अक्षराला ओळीमागे चार इंच जागा दिली नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि दुरून पाहणाऱ्याला नुसता गुंता दिसतो.

आता तक्त्यावर किती मावते ते पाहू. कागद दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच आहे असे धरा. बायका सतरंजीवर बसत असतील, तर खालचा पाव भाग पुढच्यांच्या डोक्यांमागे जातो, तेव्हा तो कोराच ठेवावा. छत्तीस इंचांतून हे नऊ इंच आणि शीर्षकाचे पाच इंच गेले की बावीस उरतात, म्हणजे चार इंचांच्या पाच ओळी. आडव्या बाजूला समास सोडल्यावर एका ओळीत दहा ते बारा अक्षरे बसतात. तक्त्याची क्षमता एवढीच आहे. आपल्या एकवीस ओळींतील अक्षर जेमतेम पाऊण इंचाचे आहे, म्हणजे ते सात-आठ फुटांपर्यंत, पहिल्या दोन रांगांपुरतेच, वाचता येते.

हे बंधन ऐकायला जाचक वाटेल, पण पंचसूत्रीवरच ते वापरून पाहा. ‘नियमित अंतर्गत कर्जवाटप’ ही तेरा अक्षरे एका ओळीत बसणार नाहीत. परंतु ‘नियमित’ हा शब्द एकदाच शीर्षकात घेतला, तर खाली बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी अशा पाच नेमक्या ओळी उरतात. शब्द कमी करताना मुद्द्याचा गाभा कोणता हे आपल्यालाच आधी ठरवावे लागते, आणि माझ्या मते तक्ता तयार करण्यातील खरी तयारी हीच असते. वह्यांचा तपशील आणि कर्जाचे नियम यांना वेगळी पाने द्यावीत किंवा ते छापील पत्रकात द्यावेत.

लिपीविषयी आणखी थोडे सांगते, कारण याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. घाईत लिहिताना आपण शिरोरेषा गाळतो, किंवा पूर्ण शब्दावर एकच सलग रेघ ओढून मोकळे होतो. ‘ध’ आणि ‘घ’, तसेच ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातील फरक मुख्यतः शिरोरेषा कुठे तुटते यावर उभा आहे. तो तुटलेला भाग दिसला नाही, तर दुरून ‘धन’चे ‘घन’ होते आणि ‘भाग’चा ‘माग’ होतो. ‘ख’ खाली जोडूनच काढावा, कारण सुटा ‘ख’ लिहिला की ‘खा’ आणि ‘रवा’ यांत भेद राहत नाही. अनुस्वाराचे टिंब मार्कर टेकवून नव्हे, तर टोक जागच्या जागी फिरवून ठळक करावे. नुकतेच वाचू-लिहू लागलेल्या बाईला असा एकेक अडथळा पुरेसा होतो, आणि एकदा अडखळली की ती पुन्हा वर पाहत नाही.

मार्कर चपट्या टोकाचा घ्यावा. बोरूप्रमाणे त्याची रुंद कड कागदावर टेकवून लिहिले की रेघ जाड आणि एकसारखी येते. गोल टोकाच्या मार्करने लिहिलेले अक्षर वीस फुटांवर धाग्यासारखे दिसते. मजकूर काळ्या किंवा गडद निळ्या शाईने लिहावा, एकाआड एक ओळीसाठी हे दोन रंग आलटून-पालटून वापरले तर वाचताना ओळ चुकत नाही, आणि लाल रंग फक्त अधोरेखनापुरता ठेवावा. छायाचित्रात शीर्षक पिवळ्या रंगात आहे. पांढऱ्या कागदावर पिवळा रंग दुरून दिसत नाही, म्हणून तो कागद रंगवायला ठेवा, अक्षराला नको.

हे सारे दिसण्यापुरते झाले. दोनच सूत्रे आठवतात याचे दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. बायका येण्याआधीच आपला तक्ता पूर्ण झालेला असतो, त्यामुळे त्यांना करण्यासारखे काही उरत नाही. पुढच्या सत्रात फक्त शीर्षक आणि एक ते पाच आकडे लिहून न्या. कडेला पेन्सिलने, अगदी फिकट, पाच शब्द लिहून ठेवा. जवळ उभ्या असलेल्या आपल्याला ते दिसतील, समोरच्यांना दिसणार नाहीत. मग त्यांना विचारा, की गट मोडतो तो कशामुळे? कोणीतरी म्हणेल, ‘बैठकीलाच कोणी येत नाही.’ तेव्हा पहिल्या आकड्यापुढे ‘बैठक’ लिहा. दुसरी म्हणेल, ‘घेतलेले पैसे परत येत नाहीत.’ चौथ्या आकड्यापुढे ‘परतफेड’ लिहा, आणि मधल्या दोन जागा रिकाम्याच राहू द्या. रिकामी जागा समोर दिसली की ती भरावी असे माणसाला आपसूक वाटते. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी प्रत्येक शब्दापुढे एक साधे चित्र काढा : गोल करून बसलेल्या बायका, डबा, नाणे, उलटा बाण, वही. चित्रकला येण्याची गरज नाही, रेघांची माणसे चालतात.

पान भरले की ते उलटून मागे टाकू नका. फाडून भिंतीवर लावा आणि सत्रभर तिथेच राहू द्या. शेवटी ते झाकून पुन्हा पाच सूत्रे विचारा. जिने ‘बैठक’ सुचवली होती तिला निदान तो शब्द विसरता येणार नाही, आणि बहुधा शेजारणीचाही आठवेल.

प्रश्न : आमच्या कारखान्यात गुणवत्ता विभागातर्फे कामगारांची प्रशिक्षण सत्रे होतात. प्रशिक्षण दालनात चांगला प्रोजेक्टर असताना मी फ्लिप चार्ट मागितला, तेव्हा ‘एवढी जुनी वस्तू कशाला?’ असे वरिष्ठांनी विचारले. त्यांना काय उत्तर द्यावे?
— एक अभियंता, महापे, नवी मुंबई

उत्तर : वस्तू जुनी आहे हे मान्य करावे. अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीचे प्रमुख जॉन हेन्री पॅटरसन हे चाकांच्या चौकटीवर लावलेल्या अशाच मोठ्या तक्त्यांशेजारी उभे राहून बोलत असल्याचे १९१२ सालचे छायाचित्र उपलब्ध आहे. शंभराहून अधिक वर्षे एखादे साधन कामात टिकते ते त्याच्याजोगे काम दुसऱ्या साधनाकडून होत नाही म्हणून, आणि ते काम नेमके कोणते हे वरिष्ठांना सांगता आले पाहिजे.

प्रोजेक्टरवर तयार झालेली गोष्ट दाखवता येते. यंत्राचे छायाचित्र, चलचित्र, वर्षभराचा आलेख किंवा आराखडा यांसाठी आपण स्लाइडच वापराव्यात. तक्त्यावर आलेख रंगवत बसण्यात वेळ घालवू नये. शिवाय समोर तीसपेक्षा अधिक माणसे असतील, तर तक्त्याचा आग्रह धरू नये, कारण मागच्यांना तो दिसणार नाही. मात्र जे अजून तयार व्हायचे आहे, जे कामगारांच्या डोक्यात आहे आणि बाहेर काढायचे आहे, ते स्लाइडवर आधीपासून असू शकत नाही. शिवाय पुढची स्लाइड आली की आधीची नाहीशी होते, तर भिंतीवर लावलेली पाने एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात आणि तिसऱ्या पानावरच्या मुद्द्याचा धागा पहिल्या पानाशी जोडता येतो.

आपल्या क्षेत्रातील उदाहरण द्यायचे तर काओरू इशिकावा यांच्या नावाने ओळखली जाणारी कारण-परिणाम आकृती घ्या, जिला माशाच्या काट्याची आकृती असेही म्हणतात. दोन मोठे कागद आडवे जोडून भिंतीवर लावा. उजवीकडे माशाच्या डोक्यात दोष लिहा, उदाहरणार्थ ‘रंगाला फोड येतात’, आणि कण्याला माणूस, यंत्र, साहित्य, पद्धत, मोजमाप आणि परिसर असे सहा काटे काढा. मग यंत्रावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना बोलते करा. ‘सकाळच्या पाळीत प्रेशर उतरतं’ असे एखाद्याने सांगितले, तर तेच शब्द लिहावेत; ‘वायुदाबातील विचलन’ असे भाषांतर करू नये. आपले वाक्य अभियंत्याने जसेच्या तसे लिहिले हे पाहिल्यावर दुसरा कामगारही तोंड उघडतो, आणि पुष्कळदा खरे कारण त्या दुसऱ्याकडेच असते. हीच आकृती स्लाइडवर भरून दाखवली, तर ती अभियंत्याची आकृती ठरते, कामगार मान डोलावतात आणि यंत्रावर परत जातात.

वरिष्ठांकडे दोन साधनांपैकी एक निवडा अशी मागणी करूच नका. पडदा मध्यभागी आणि तक्ता त्याच्या बाजूला, पण दिव्याच्या उजेडात असावा. प्रोजेक्टरसाठी दालनात अंधार केला की तक्ता निरुपयोगी होतो, त्यामुळे तक्त्यावरचा दिवा वेगळ्या बटणावर आहे ना, हे सत्राआधी पाहून घ्यावे.

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याविषयी आम्ही दोनदा बैठक बोलावली. दोन्ही वेळा चर्चा वाहनतळ, पाणी आणि जुन्या वादांकडे वळली आणि ठरले काहीच नाही. एका सदस्याने पुढच्या बैठकीत फ्लिप चार्ट ठेवण्याची सूचना केली आहे. त्याने काही फरक पडेल का?
— एक सचिव, सीवूड्स, नवी मुंबई

उत्तर : फरक पडेल, मात्र लिहिणारी व्यक्ती आपण स्वतः नसावी. ज्याच्यावर राग आहे त्याच्याच हाती मार्कर असेल, तर प्रत्येक शब्दाबद्दल शंका घेतली जाईल. कोणत्याही बाजूची नसलेली व्यक्ती शोधा. पुष्कळ संस्थांत एखादे निवृत्त शिक्षक असतात, आणि त्यांना फळ्यावर लिहिण्याची सवयही असते.

बैठकीत दोन कागद लावावेत. एकावर त्या दिवसाचा प्रश्न पूर्ण वाक्यात लिहावा, जसे की ‘प्रत्येक मजल्यावर ओला आणि सुका कचरा वेगळा कसा ठेवायचा?’ दुसऱ्या कागदाला ‘नंतर घ्यायचे विषय’ असे शीर्षक द्यावे. वाहनतळाचा विषय निघाला की त्या सदस्याला थांबवण्याऐवजी तो विषय त्याच्यासमोर दुसऱ्या कागदावर लिहावा. माणूस तेच तेच पुन्हा बोलतो ते बहुतेक वेळा आपले कोणी ऐकले नाही असे वाटल्यामुळे, आणि भिंतीवर लिहिलेला आपला मुद्दा दिसला की त्याचा आवाज खरोखर खाली येतो. मात्र हा दुसरा कागद म्हणजे विषय टाळण्याची युक्ती ठरू नये. त्यावरील प्रत्येक विषय कोणत्या बैठकीत घेणार हे उठण्यापूर्वी त्याच्यापुढे लिहावे. एकदा हा शब्द मोडला, तर पुढच्या वेळी तो कागद कोणी मानणार नाही.

मुद्दे लिहिताना बोलणाऱ्याचेच शब्द घ्यावेत. वाक्य लांब असेल, तर ‘मी असे लिहिले तर चालेल का?’ असे विचारून मगच छोटे करावे. मुद्द्यापुढे सदस्याचे नाव किंवा सदनिकेचा क्रमांक लिहू नये, म्हणजे पुढची चर्चा माणसावर न जाता मुद्द्यावर राहते. दोन-तीन जणच बोलतात असा अनुभव असेल, तर आरंभी पाच मिनिटे प्रत्येकाला चिठ्ठीवर आपापले मत लिहायला सांगावे आणि मग रांगेने एकेकाचा एकच मुद्दा तक्त्यावर घ्यावा. अमेरिकेतील आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा हा गाभा आहे. तिच्यामुळे कमी बोलणाऱ्यांचे म्हणणेही मोठ्या आवाजाच्या माणसाच्या म्हणण्याइतक्याच आकाराच्या अक्षरांत भिंतीवर येते.

पर्याय निवडताना प्रत्येकाला तीन टिकल्या द्याव्यात आणि पसंतीच्या मुद्द्यांपुढे त्या चिकटवायला सांगाव्यात. आजींपासून महाविद्यालयीन मुलांपर्यंत सर्वजण उठून तक्त्यापाशी येतात, आणि कौल कुठे आहे हे मोजण्याआधीच दिसते. शेवटी कागदांची छायाचित्रे सदस्यांच्या गटावर पाठवावीत. अधिकृत ठराव आणि इतिवृत्त मात्र नोंदवहीतच रीतसर लिहावे लागेल, हे आपण जाणताच.

प्रश्न : पावसाळ्यात सत्र घेणे मला नको वाटते. कागद मऊ पडतो, चिकटपट्टी भिंतीवर टिकत नाही आणि पंखा लावला की पाने उडतात. काही उपाय आहे का?
— एक प्रशिक्षक, कळवा

उत्तर : दमट हवेत भिंतीवर चिकटपट्टी लावण्याचा हट्टच सोडावा, विशेषतः डिस्टेंपर लावलेल्या भिंतींवर, कारण तिथे पट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा निघतो आणि सभागृहवाले नाराज होतात. खिडकीच्या दोन गजांना सुतळी ताणून बांधावी आणि कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी कागद तिला टांगावेत. पट्टी वापरायचीच असेल तर मास्किंग टेप घ्यावी, तिचे तुकडे आधीच फाडून स्टँडच्या कडेला लावून ठेवावेत आणि ते भिंतीऐवजी काचेवर किंवा दारावर चिकटवावेत. स्टँडवरील पानांच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना जाड चिमटे लावले की पंखा चालू ठेवता येतो. कागद गुंडाळून प्लास्टिकच्या नळीत न्यावा. मऊ पडलेल्या कागदावर पर्मनंट मार्करची शाई मागच्या पानावरही उतरते, म्हणून पाण्याच्या शाईचे मार्कर घ्यावेत किंवा एक पान सोडून लिहावे. आणि पर्मनंट मार्कर चुकून स्टँडच्या पांढऱ्या फळ्यावर चाललाच, तर त्या रेघेवर व्हाइटबोर्ड मार्करने गिरवून लगेच पुसावे. डाग बहुतेक वेळा निघतो.

प्रश्न : मी याच वर्षी प्रशिक्षक म्हणून काम सुरू केले आहे. लिहिताना माझी पाठ समोरच्यांकडे होते आणि तेवढ्यात वर्ग हातचा सुटतो. शिवाय सर्वांदेखत ऱ्हस्व-दीर्घ चुकेल या भीतीने हात थरथरतो.
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : पाठ होण्याने वर्ग सुटत नाही, पाठ करून बोलण्याने सुटतो. तक्त्याकडे तोंड करून बोललेले शब्द कागदाला ऐकू जातात, माणसांना नाही. म्हणून लिहिताना बोलू नये आणि बोलताना लिहू नये. दोन-तीन शब्द लिहा, मार्करला टोपण लावा, वळा, एका माणसाकडे पाहा आणि मग बोला. मधली शांतता आपल्याला फार लांब वाटते, पण समोरचे त्या वेळात वाचत किंवा उतरवून घेत असतात आणि त्यांना ती हवीच असते. आपण उजव्या हाताने लिहीत असाल, तर तक्त्याकडे तोंड केले असता त्याच्या डाव्या कडेपाशी उभे राहा. हात तक्त्यावर जातो, शरीर बाहेर राहते आणि वळल्यावर डाव्या हाताने मुद्दा दाखवता येतो. डावखुऱ्यांनी याच्या उलट उभे राहावे.

शुद्धलेखनाची भीती मला स्वतःला बरीच वर्षे होती, त्यामुळे ती मी हलक्यात घेणार नाही. सत्रात येण्याची शक्यता असलेले पंचवीस-तीस अवघड शब्द आदल्या दिवशी शब्दकोशात पाहून पेन्सिलने पानाच्या कडेला लिहून ठेवावेत. ऐनवेळी अडलात, तर वर्गालाच विचारावे. ‘दुसरी वेलांटी ना?’ एवढे विचारल्याने कोणाचा मान कमी होत नाही, उलट सगळे क्षणभर तक्त्याकडे पाहतात. चूक कोणी दाखवली, तर एकच रेघ मारून वर बरोबर शब्द लिहावा आणि दाखवणाऱ्याचे आभार मानावेत.

हाताची थरथर सरावाने जाते. मोठ्या दिनदर्शिकांची मागची कोरी बाजू घरी दारावर लावा आणि रोज दहा मिनिटे उभ्याने, खांद्यापासून हात हलवत दोन इंचांची अक्षरे गिरवा. आपण वहीत मनगटाने लिहितो, आणि तीच सवय तक्त्यावर आली की अक्षर लहान आणि ओळ खाली उतरती होते. फिकट आडव्या रेघा आधी आखून घ्या. मग वीस फुटांवर, घरात तेवढी जागा नसेल तर दार उघडून जिन्यातून, ते कोणालातरी वाचायला सांगा.